गाडीच्या सीटला रंग देण्याआधी

आज बचत, व्याज आणि हप्ता हे आपले नेहमीचे विषय जरा बाजूला ठेवू. आज मला बोलायचंय गाडीच्या सीटबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठली आली गाडी? पण आठवून बघा. गटातल्या एखादीच्या घरी काळी-पिवळी जीप असते, कुणाकडं ॲपे रिक्षा असते, कुणाच्या भावाचा टेम्पो असतो. गाडी मालकाच्या नावावर असली तरी तिचा हप्ता भरताना घरातल्या बाईचीच ओढाताण होते. मग गाडीची सीट मळली, विटली, प्रवासी नाक मुरडायला लागले, की घरातच चर्चा सुरू होते: नवी सीट करायला पैसे नाहीत, घरच्या घरी रंग देता येईल का?

हा प्रश्न आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत आला, तो कर्जाच्या मागणीतून. एका वहिनींनी पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, तर सीट रंगवायच्या कामासाठी. त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. एक माणूस ब्रशनं करड्या सीटवर रंग फिरवतो आणि पाच मिनिटांत सीट लालभडक होते. वहिनी म्हणाल्या, "आपल्या चौकात वीस रिक्षा उभ्या राहतात. एकेकाची सीट रंगवून दिली तरी कर्ज फिटंल."

हे ऐकून बैठकीतल्या सगळ्याजणींनी माझ्याकडं बघितलं आणि दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. कारण आमच्या गावात सीट रंगवून फसलेली पहिली बाई मीच आहे.

माझी फजिती

माझ्या दिराची जीप आहे. सीटचं कापड बदामी होतं. धूळ, घाम आणि डोक्याच्या तेलानं ते इतकं कळकट झालं होतं की लगीनसराईत भाडं मिळेना. भावजी म्हणाले, "वहिनी, काहीतरी करा." मी बाजारातून काळ्या रंगाच्या पुड्या आणल्या, लुगडी-ओढण्या रंगवायच्या असतात त्या. उकळत्या पाण्यात रंग कालवला, पुडीवर लिहिलंय म्हणून मीठ टाकलं आणि ब्रशनं सीटवर दोन हात मारले. दोन दिवस उन्हात जीप उघडी ठेवली. सीट अशी काळीभोर दिसायला लागली की शेजारीपाजारी बघायला आले.

तिसऱ्या दिवशी अंबाजोगाईला जाणारं वऱ्हाड मिळालं. मे महिना, पारा चाळिशीच्या वर, जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली. मांडवापाशी उतरल्यावर नवरदेवाचे चुलते पुढं चालले आणि मागून लोक हसायला लागले. त्यांचं पांढरंशुभ्र धोतर आणि सदरा पाठीमागून काळा झाला होता. नवरदेवाच्या मावशीची मोतिया रंगाची साडीही गेली. चुलते आधी स्वतःही हसले, पण सगळा मांडव हसतोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हाताऱ्या माणसानं पुतण्याच्या लग्नात दिवसभर खांद्यावरचं उपरणं कमरेला गुंडाळून वेळ काढली.

भावजींनी भाडं घेतलं नाही, वर साडीचे पैसे भरून दिले. घरी आल्यावर मला एका शब्दानंही बोलले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात मी बीडला एका सीट कव्हर शिवणाऱ्या चाचांकडं गेले. माझं कुठं चुकलं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. चाचांनी आमच्या जुन्या सीटचा एक धागा ओढला, चिमट्यात धरून काडी लावली. धागा जळाला नाही, आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. चाचा म्हणाले, "ताई, तुमचा रंग कापसाचा हाय आणि हे कापड प्लास्टिकच्या धाग्याचं. त्यानं रंग पिलाच नाही. नुसता वर बसला होता, घाम लागला की उठला."

आजचं सगळं बोलणं चाचांच्या या वाक्याभोवतीच आहे. सीट रंगवायची तर आधी धागा ओळखायचा, मग रंग निवडायचा. आपण नेमकं उलटं करतो.

रंग धाग्यात कसा बसतो

हळदीचं उदाहरण घ्या. स्वयंपाक करताना सुती लुगड्यावर हळदीचा हात लागला तर डाग पडतो. साबण लावला की तो लालसर होतो आणि उन्हात टाकलं की हळूहळू उडतो. म्हणजे सुतानं रंग घेतला, पण तो पक्का धरला नाही. स्टीलच्या ताटाला लागलेली हळद मात्र नुसती पुसली तरी जाते, कारण ताट रंग पीतच नाही. कापडांचंही असंच आहे. काही धागे रंग पितात आणि काही पीत नाहीत. पिणाऱ्यांतही काही रंग घट्ट धरतात, तर काही सोडून देतात.

कापसाचा धागा पाणी शोषतो. पाण्याबरोबर रंग आत जातो. पॉलिस्टरचा धागा खनिज तेलापासून बनतो. त्याचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये लागला. आपल्याकडं घरोघरी टेरिकॉटचे शर्ट असायचे, त्यातला 'टेरि' म्हणजे हाच धागा आणि 'कॉट' म्हणजे कापूस. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीत नाही. म्हणून टेरिकॉट लवकर वाळतं आणि म्हणूनच ते घरच्या रंगाला दाद देत नाही.

मग कारखान्यात पॉलिस्टर रंगवतात कसं? त्याचे रंगच वेगळे, त्यांना डिस्पर्स रंग म्हणतात. बंद यंत्रात दाबाखाली पाणी साधारण १३० अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा धागा सैलावतो आणि रंग आत शिरतो. आपल्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांला उकळतं. कुकरमध्ये १२० च्या आसपास जातं. पण कुकरात जीपची सीट बसायची नाही! आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या सीटचं कापड पॉलिस्टरचं असतं. आपल्या जिल्ह्यात शिवारभर कापूस पिकतो आणि आपण प्रवास करतो तो मात्र पॉलिस्टरवर बसून.

आता कापसाचे रंग. पूर्वी पळसाची फुलं, नीळ, मंजिष्ठ यांनी कापड रंगवत. १८५६ साली पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलानं हिवतापाचं औषध बनवायच्या खटपटीत चुकून जांभळा रंग बनवला आणि तिथून रसायनांचे रंग सुरू झाले. त्यातले दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. एक, पाण्यात उकळून द्यायचा साधा पुडीचा रंग. तो सुतात शिरतो, पण त्याची पकड सैल असते. धुताना आणि घामानं तो थोडाथोडा सुटत राहतो. दुसरा, रिॲक्टिव्ह रंग. हे १९५६ साली बाजारात आले. सोडा घातला की हा रंग सुताशी रासायनिक गाठच मारतो, मग धुऊनही सहजी सुटत नाही. ज्यावर माणसं घामानं बसणार आहेत, त्याला हाच रंग हवा.

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. धागा पॉलिस्टरचा, रंग कापसाचा, त्यातही सैल पकडीचा, आणि कापड रंगात न बुडवता वरून ब्रश मारलेला.

सीट कशाची आहे हे ओळखायच्या तीन खुणा

पहिली खूण पाण्याच्या थेंबाची. सीटवर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वरच राहिला आणि हाताला गुळगुळीत लागलं, तर ते रेक्झिन. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. आता आपण त्या जातीच्या सगळ्याच मालाला तेच म्हणतो. खाली कापड आणि वर प्लास्टिकचा थर, अशी त्याची बनावट असते. रिक्षाची सीट बहुतेक याचीच असते. 'लेदर सीट' म्हणून विकलं जातं तेही पुष्कळदा कातडं नसून असंच असतं.

दुसरी खूण धागा जाळून बघण्याची. ही फक्त कापडासाठी, रेक्झिन जाळू नका. त्याचा धूर छातीला वाईट. सीटच्या खालच्या बाजूनं, दिसणार नाही अशा शिवणीतून दोन-तीन धागे ओढा. गाडीपासून लांब, उघड्यावर, शेजारी पाण्याची वाटी ठेवून चिमट्यात धरून काडी लावा. कागदासारखा वास येऊन मऊ राखाडी राख पडली तर कापूस. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. राखही पडली आणि कडक खडेही राहिले तर टेरिकॉटसारखं मिश्रण. मिश्रणाला कापसाचा रंग दिला तर फक्त कापसाचे धागे रंगतात आणि कापड फिकट, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं.

तिसरी खूण ओल्या रुमालाची. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा आणि सीटवर जोर लावून वीसेक वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर आधीच कुणीतरी वरून रंग मारलेला आहे. हीच परीक्षा आपण रंग दिल्यावरही करायची. मी ती केली असती तर त्या चुलत्यांचं धोतर वाचलं असतं.

रेक्झिनची सीट

रेक्झिनला कापडाचा रंग चालत नाही. त्यावर पेंटच द्यावा लागतो, आणि तोही लवचिक. घरात उरलेला ऑइल पेंट लावायचा मोह होतो. तो लावू नका. माणूस बसला की सीट दबते, उठला की फुगते. ऑइल पेंट कडक होतो, म्हणून महिनाभरात त्याला भेगा पडून पापुद्रे निघतात. शिवाय रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते वर येऊन साधा पेंट चिकट करतं. मग बसणाऱ्याची पँट सीटला चिकटते.

दुकानात 'व्हिनाइल आणि रेक्झिनसाठी' असं डब्यावर छापलेला पेंट मागा. आधी साबणाच्या पाण्यानं सीट घासा. डोकं टेकतं तिथं खोबरेल तेलाचा थर असतो, तो नीट गेला नाही तर पेंट धरत नाही. कोरडी झाल्यावर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. पेंटचा एकच जाड हात देऊ नका. पातळ तीन हात द्या आणि प्रत्येक हात वाळू द्या. आधी सीटच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर लावून दोन दिवस थांबा, दाबून आणि घासून बघा, मगच पुढं जा.

सगळ्यात महत्त्वाचं: पेंट, थिनर आणि स्पिरिट यांची वाफ आग धरते. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा बिडी ओढणाऱ्याजवळ हे काम करायचं नाही. अंगणात, वाऱ्याला, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून करायचं. लेकरांना आणि गरोदर बाईला तिथं थांबू देऊ नका. आणि रेक्झिन फाटलं असेल तर पेंटवर पैसे घालू नका, फाटकं रंगवून नवं होत नाही. तेवढा तुकडा बदलून घ्या.

पॉलिस्टर कापडाची सीट

इथं माझा सरळ सल्ला आहे: रंगवू नका, स्वच्छ करा आणि कव्हर घाला. पुष्कळ वेळा सीट विटलेली नसते, नुसती मळलेली असते. ब्रशनं धूळ झाडा, साबणाचा फेस करून त्या फेसानंच घासा, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. बादलीनं पाणी ओतू नका. आतला फोम पाणी धरतो, दिवसेंदिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो. पुढच्या सीटखाली वायरीही असतात. धुऊन झाल्यावर दारं उघडी ठेवून दोन दिवस कडक ऊन द्या.

बाजारात कापडाच्या सीटवर मारायचे स्प्रे मिळतात. ते धाग्यात शिरत नाहीत, वर पातळ थर देतात. क्वचित वापरायच्या घरच्या गाडीला ते एखादवेळी चालतील. दिवसाला पन्नास माणसं चढ-उतार करतात त्या जीपला नाही.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही गाडीत करायच्या नाहीत. एक, सीट बेल्टच्या पट्ट्याला रंग, ब्लीच किंवा थिनर लावायचा नाही. त्यानं पट्टा कमजोर होतो, आणि अपघातात जीव त्या पट्ट्यावरच असतो. दुसरं, काही नव्या गाड्यांत सीटच्या कडेलाच एअरबॅग असते. सीटच्या बाजूला 'एअरबॅग' असं शिवलेलं लेबल दिसलं तर त्या सीटवर साधं कव्हर चढवायचं नाही. कव्हरमुळं बॅग वेळेवर उघडत नाही. अशा गाडीसाठी वेगळी, कडेची शिवण सुटणारी कव्हरं मिळतात.

कव्हर सुती करा आणि कव्हरच रंगवा

साहेबांच्या गाडीत सीटवर पांढरा टॉवेल बघितलाय ना? त्यात शहाणपण आहे. सुती टॉवेल घाम पितो, मे महिन्यात अंगाला चटका देत नाही, काढून धुता येतो. आणि तो सुती असल्यामुळं रंगही पितो. म्हणजे सीटचा रंग बदलायचा घरगुती मार्ग सीट रंगवण्यात नाही, सुती कव्हर शिवून ते रंगवण्यात आहे. सोलापूरचा जाड टॉवेल किंवा साधी जाड सुती चादर, दोन्ही चालतात. फक्त घेताना दोन धागे जाळून खात्री करा.

शिवण्याआधी कापड गरम पाण्यात साबण लावून धुवा. त्यानं खळ जाते आणि कापड आटायचं तेवढं आटून जातं. आधी शिवून मग धुतलं तर कव्हर सीटला तोकडं पडतं. शिवायला सुती दोरा घ्या. बाजारातला नेहमीचा शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असतो, तो रंग घेत नाही आणि लाल कव्हरवर पांढरी टीप उठून दिसते.

आता प्रमाण लिहून घ्या. कोरडं कापड एक किलो असेल तर पाणी २० लिटर, साधं मीठ एक किलो, धुण्याचा सोडा २०० ग्रॅम आणि रिॲक्टिव्ह रंग फिक्यासाठी २० ग्रॅम, गडदसाठी ४० ग्रॅम. काळ्याला याच्या दुप्पट लागतो. दुकानात कोमट पाण्यात बसणारा रिॲक्टिव्ह रंग मागा. काही ठिकाणी त्याला प्रोसियन म्हणतात. सोडा धुण्याचा घ्या, खाण्याचा नाही. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं टब. जर्मनचं पातेलं नको, सोडा त्याला खातो. आणि रंगासाठी वापरलेलं भांडं परत स्वयंपाकाला घ्यायचं नाही.

रंगाची पूड उघडताना नाकाला मास्क लावा. ही पूड श्वासात गेली तर काहींना दम्यासारखा त्रास होतो. थोड्या कोमट पाण्यात रंग कालवून घ्या. टबात हाताला सोसेल असं कोमट पाणी घ्या, त्यात मीठ विरघळवा, मग रंग. कापड ओलं करून पसरून बुडवा आणि अर्धा तास हलवत राहा. नंतर कापड बाहेर काढा, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा टबात ओता, ढवळा आणि कापड परत टाका. आता एक तास, दर पाच मिनिटांनी वरखाली करत राहायचं. हा तास कंटाळवाणा असतो, पण याच तासात रंग गाठ मारतो. हलवलं नाही तर ढगढग डाग पडतात.

एवढं झाल्यावर आधी गार पाण्यात खळबळून घ्या, मग उकळत्या गरम साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, परत खळबळा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. जो रंग सुताला चिकटला नाही तो इथंच काढून टाकायचा, नाहीतर तो प्रवाशाच्या कपड्यावर निघतो. सावलीत वाळवा आणि मग ओल्या पांढऱ्या रुमालाची परीक्षा घ्या.

रंग निवडताना एवढं लक्षात ठेवा. घरचा रंग फिक्यावरून गडदावर जातो, गडदावरून फिक्यावर येत नाही. पिवळ्या कापडाला निळा दिला तर हिरवा होतो, लालाला निळा दिला तर जांभळा. आणि काळा रंग मळ झाकतो खरा, पण ऊन जास्त खातो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला विटकरी, करडा किंवा मेंदी रंग बरा.

पाण्याचं काय करायचं

आपल्या जिल्ह्यात पाण्याशिवाय कुठलाच विषय पुरा होत नाही. या कामात रंगवायला वीस लिटर आणि धुवायला त्याच्या तिप्पट-चौपट पाणी जातं. म्हणून एकेक कव्हर रंगवू नका. चार-पाच जमवा आणि पाणी बऱ्यापैकी असेल त्या महिन्यात काढा. शेवटच्या खळबळीचं स्वच्छ पाणी पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरा.

टबात उरलेलं पाणी मात्र झाडाला, परसबागेला किंवा शेतात घालायचं नाही. त्यात मीठ आणि सोडा दोन्ही आहेत. आपली काळी जमीन अशा पाण्यानं चोपण होते, मग तिथं पाणी मुरत नाही आणि पीक येत नाही. विहीर, बोअर, हातपंप यांपासून लांब, जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या उथळ खड्ड्यात ते ओता आणि उन्हात आटू द्या. वरून काटेरी फांद्या टाका म्हणजे जनावर तोंड घालणार नाही.

रंगाची पुडी सुटी, बिननावाची घेऊ नका. काही ॲझो रंगांतून कर्करोग होऊ शकेल अशी द्रव्यं सुटतात, म्हणून केंद्र सरकारनं १९९७ साली त्यांच्यावर बंदी घातली. नाव, बनवणारा आणि तारीख छापलेली पुडीच घ्या.

वहिनींच्या कर्जाचं काय झालं

आम्ही पाच हजार दिले नाहीत आणि नाहीही म्हणालो नाही. आधी माझी फजिती मी सगळ्यांसमोर परत एकदा सांगितली, या वेळी हसत. मग ठरलं ते असं. गटानं दोन कव्हरांपुरतं कापड आणि रंगाचे पैसे द्यायचे. वहिनींनी ती शिवून, रंगवून आधी स्वतःच्या मालकाच्या रिक्षाला घालायची आणि महिनाभर वापरायची. दर रविवारी ओल्या रुमालानं घासून रुमाल बैठकीत दाखवायचा.

पहिलं लाल कव्हर फसलं. रुमाल गुलाबी झाला. विचारलं तेव्हा कळलं की शेवटचं गरम पाण्याचं धुणं त्यांनी गडबडीत टाळलं होतं, घरी पाणी कमी होतं म्हणून. दुसरं मेंदी रंगाचं पूर्ण रीतीनं केलं. चार रविवार रुमाल पांढराच राहिला. आता त्यांनी एक वही घातली आहे. कापड, दोरा, रंग, मीठ, सोडा, सरपण, पाण्याचा टँकर घ्यावा लागला तर त्याचे पैसे, आणि स्वतःच्या मजुरीचे तास, सगळं त्या लिहितात. स्वतःची मजुरी धरल्याशिवाय भाव सांगायचा नाही, हे आम्ही त्यांच्याकडून वदवून घेतलं. कर्जाचा अर्ज पुढच्या बैठकीत येईल आणि या वेळी कुणी तोंडाला पदर लावणार नाही.

ताईंनो, मोबाइलवर पाच मिनिटांत रंगलेली सीट दिसते, पण त्यावर घामेजलेला माणूस बसवून कुणी दाखवत नाही. म्हणून तुमच्या गटात कुणी असं नवं काम काढलं तर पहिलं गिऱ्हाईक आपलंच घर ठेवा, आणि फसलं तर बैठकीत मोकळेपणानं सांगा. माझ्या फजितीचे पैसे भावजींनी भरले, पण तिची शिकवण आता साऱ्या गटाच्या कामी येतेय.

ते चुलते मागच्या वर्षी आठवडी बाजारात भेटले. मला ओळखून म्हणाले, "काय बाई, जीपचा रंग पक्का झाला का?" मी म्हणलं, "काका, आता कव्हर घातलंय, बसून बघा." ते बसले, उतरले, आणि आधी वळून स्वतःचं धोतर बघितलं. ते पांढरंच होतं.

पुढच्या बैठकीला येताना एकेकीनं घरातल्या एका कापडाचे दोन धागे घेऊन या. काडीपेटी आणि पाण्याची वाटी मी आणते. नमस्कार.